मोटर कुणी चालू केली? : रहस्यपटाचा पहिला प्रसंग रचण्याची कृती

रहस्यपट करायचा म्हटलं की नव्या मुलांच्या डोक्यात सगळ्यात आधी खून येतो. अंधारी खोली, चमकणारा सुरा, किंकाळी आणि मग पडद्यावर चित्रपटाचं नाव. अशा सुरुवातीनं प्रेक्षक दचकतो, यात शंका नाही. पण दचकलेला माणूस पुढं बघत बसेलच असं नाही. ज्याच्या मनात एखादा प्रश्न अडकलाय, तोच बसून राहतो. म्हणून पहिल्या प्रसंगात मोठी घटना दाखवण्याची घाई करू नये. रोजच्या क्रमातली एकच गोष्ट चुकलेली दाखवावी, आणि तो क्रम प्रेक्षकाच्या अंगवळणी पडलेला असावा. जालना, अंबड, परतूर, भोकरदन या भागात बसून लघुपट करणाऱ्यांकडं असा क्रम भरपूर आहे. तो परदेशी चित्रपटांतून उसना आणावा लागत नाही.

खाली दिलेली कृती बारा मिनिटांच्या लघुपटातल्या पहिल्या दीड मिनिटासाठी आहे. सोबत एक नमुना प्रसंगही रचत गेलो आहे. तो तसाच उचलला तरी हरकत नाही.

साहित्य: चांगला कॅमेरा असलेला एक फोन, आवाज टिपायला दुसरा फोन, तिवई, दोन बॅटऱ्या, बॅटरीवर लावायला पांढरा पातळ कपडा किंवा बटर पेपर, हेडफोन, एक मोटरसायकल, ओळखीच्या शेतकऱ्याची विहीर आणि मोटर. नट एकच. मदतीला तीन माणसं. खोटं रक्त, खोटी पिस्तुलं काही लागत नाही.

आधी बघा, पण तीनदा

चार-पाच रहस्यपटांचे फक्त पहिले प्रसंग निवडा आणि प्रत्येक तीनदा बघा. पहिल्यांदा नेहमीसारखा, दुसऱ्यांदा आवाज बंद करून, तिसऱ्यांदा डोळे मिटून नुसता ऐका. वहीत तीन रकाने करा : काय दाखवलं, काय लपवलं, आणि या क्षणी जास्त कुणाला माहीत आहे, प्रेक्षकाला की पात्राला. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा.

सुरुवात श्रीराम राघवन यांच्या ‘अंधाधुन’पासून करा (२०१८). चित्रपट पुण्यात घडतो, पण सुरुवात होते कोबीच्या शेतात. एका डोळ्यानं आंधळा ससा कोबी खातोय, बंदूक घेतलेला माणूस त्याच्या मागावर आहे. ससा पळतो, माणूस मागं पळतो, गोळी सुटते, पडदा काळा होतो आणि गाडीचा आवाज ऐकू येतो. लगेच गोष्ट भलतीकडंच, पियानो वाजवणाऱ्या तरुणाकडं जाते. सशाचं काय झालं, गाडी कुणाची, त्याचा या तरुणाशी काय संबंध, काहीच सांगत नाहीत. (चित्रपट पाहिला नसेल तर पुढची दोन वाक्यं सोडा.) शेवटाकडं आल्यावर कळतं की त्याच सशामुळं गाडी उलटली आणि सगळ्यांचं नशीब फिरलं. म्हणजे पहिला प्रसंग हा शेवटाचाच तुकडा होता, फक्त अर्थ काढून घेऊन आपल्या हातात दिलेला.

‘अंधाधुन’ची मूळ कल्पना ज्या फ्रेंच लघुपटावरून घेतली आहे, तो ऑलिव्हिए त्रेनर यांचा लघुपट जेमतेम १३-१४ मिनिटांचा आहे. त्यात पहिल्याच दृश्यात एक तरुण पियानो वाजवतोय आणि समोर एक म्हातारा निश्चल बसलाय. बारा मिनिटांत काय होणार, असं ज्यांना वाटतं त्यांनी तो जरूर शोधून बघावा.

निशिकांत कामत यांचा ‘डोंबिवली फास्ट’ (२००५) रहस्यपट नव्हे, पण क्रम कसा बसवायचा हे त्याच्याइतकं स्वच्छ मराठीत क्वचितच कुणी दाखवलंय. माधव आपटेचा दिवस : उठणं, आवरणं, लोकल, ऑफिस, परत लोकल. तेच पुन्हा, तेच पुन्हा, दर वेळी आणखी भराभर. दोन मिनिटांत तो क्रम आपल्याच अंगात भिनतो, आणि मग तो तुटेल कधी याची आपण वाट बघायला लागतो.

आल्फ्रेड हिचकॉकच्या ‘सायको’ची सुरुवात (१९६०) पडद्यावरच्या अक्षरांनी होते : शहर फिनिक्स, वार शुक्रवार, तारीख ११ डिसेंबर, वेळ दुपारची २ वाजून ४३ मिनिटं. एवढी नेमकी वेळ कुणी उगीच सांगत नाही, म्हणून आपण सावध होतो. मग कॅमेरा शहरावरून फिरत एका अर्धवट उघड्या खिडकीतून आत शिरतो, आणि कुणाच्या तरी खासगी आयुष्यात चोरून बघितल्याचा दोष आपल्यावर येतो. ऑर्सन वेल्सच्या ‘टच ऑफ ईव्हिल’मध्ये (१९५८) एक माणूस गाडीच्या डिकीत बॉम्ब ठेवतो, एक जोडपं येऊन गाडीत बसतं, आणि तीन मिनिटांहून जास्त वेळ कॅमेरा न तुटता गर्दीतून त्या गाडीमागं-पुढं फिरतो. बॉम्ब आपल्याला माहीत आहे, रस्त्यावरच्या कुणालाच माहीत नाही. हिचकॉक म्हणायचा की टेबलाखालचा बॉम्ब एकदम फुटला तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का बसतो. तोच बॉम्ब आधी दाखवला, तर पंधरा मिनिटांची घालमेल मिळते. वहीतला तिसरा रकाना याचसाठी आहे.

मराठीतला जुना दाखलाही विसरू नये. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरून राजा परांजपे यांनी ‘पाठलाग’ काढला (१९६४), आणि त्यावरून हिंदीत राज खोसला यांनी ‘मेरा साया’ (१९६६). या गोष्टीतल्या नायकाची पत्नी आरंभीच त्याच्या डोळ्यांदेखत जाते. पुढं पोलिसांनी पकडलेली एक बाई म्हणते, मीच ती. मृत्यू आपण स्वतः पाहिलेला असतो, म्हणून त्या एका वाक्यानं आपण नायकाइतकेच हादरतो. पहिल्या प्रसंगानं आपल्याला साक्षीदार करून ठेवलेलं असतं.

शेवट आधी लिहा

आता संहिता. पहिल्या प्रसंगाला हात घालण्याआधी शेवटचं पान लिहून काढा. प्रश्न विचारून ठेवायचा आणि उत्तर पुढं बघू म्हणायचं, या सवयीनं कितीतरी चांगल्या सुरुवाती वाया जातात. मल्याळम ‘दृश्यम’च्या (२०१३) सुरुवातीला नायक नव्या पोलीस ठाण्यात शांत बसलेला दिसतो. ते ठाणं नवं का आहे, याचं महत्त्व शेवटच्या मिनिटाला कळतं. असं काही शेवट आधी ठरल्याशिवाय जमत नाही.

आपल्या नमुन्याचा शेवट असा : नाना नावाचे वयस्कर शेतकरी रात्री पाणी द्यायला शेतात गेले आणि बांधापलीकडच्या जुन्या, कोरड्या, झुडपांनी झाकलेल्या विहिरीत पडले. पाय मोडला. साधा बटणांचा फोन खिशात होता, तो चिखलात भिजला. पडदा गेला, आवाज जात-येत नाही, फक्त एक बटण चालतंय. ते दाबून धरलं की त्यांच्याच मोटरच्या मोबाईल स्टार्टरला फोन लागतो. मग ते तेच करतात. मोटर चालू करतात, पुन्हा पुन्हा. कुणीतरी येईल, बघेल, शोधेल म्हणून.

क्रम आणि चूक निवडा

आता उलट या. अशी कोणती गोष्ट आहे, जी आपल्याकडं कधीच होत नाही, आणि झाली तर लहान पोरालाही कळतं की काहीतरी बिनसलंय? माझ्या मते जालना जिल्ह्यात ती गोष्ट एकच : पाणी वाया जाणं. २०१२-१३ च्या दुष्काळात इथल्या मोसंबीच्या बागा वाळल्या. ज्यांना जमलं त्यांनी टँकरचं विकतचं पाणी घालून झाडं जगवली, बाकीच्यांनी कुऱ्हाड चालवली. ज्यानं ते दिवस पाहिलेत, तो दंडातून रस्त्यावर वाहत आलेलं पाणी बघून गप्प राहू शकत नाही. शहरातल्या प्रेक्षकाला तिथं फक्त ओला रस्ता दिसेल. आपल्या प्रेक्षकाला मात्र संगीत न वाजवताही धडकी भरेल.

दुसरा क्रम विजेचा. शेतीची थ्री फेज लाईट अनेक फीडरवर काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री येते. त्यामुळं मध्यरात्री बॅटरी घेऊन दारं धरायला जाणारा माणूस आपल्याकडं नवलाचा नाही. रात्र, एकटेपणा, झाडीतला आवाज, हे सगळं रोजच्या कामातच आहे. भीती मुद्दाम आणावी लागत नाही.

इथं एक गोष्ट कळकळीनं सांगतो. विहिरीच्या काठावर सोडलेल्या चपला दाखवू नका. मराठवाड्यात त्याचा अर्थ प्रेक्षक एका क्षणात लावतो, प्रश्न तिथंच मिटतो, आणि कितीतरी घरांत खरोखर घडून गेलेलं दुःख आपल्या चित्रपटाची सजावट होतं. त्या विषयावर चित्रपट करायचा असेल तर पूर्ण तयारीनं, तोच विषय धरून करा. गूढ वाढवायला म्हणून त्याला हात लावू नका.

प्रश्न कागदावर लिहा

पोस्टकार्डाएवढ्या कागदावर एकच प्रश्न लिहा. तो ‘पुढं काय होईल?’ असा ढगळ नको. ‘नाना शेतात नाहीत, मग त्यांची मोटर कोण चालू करतंय?’ असा नेमका हवा. दोन प्रश्न सुचले तर दुसरा पुढच्या प्रसंगासाठी ठेवा. जब्बार पटेल यांच्या ‘सामना’नं मारुती कांबळेचं काय झालं या एका प्रश्नावर अख्खा चित्रपट पेलला आहे.

दृश्यांची यादी

आता प्रसंग दृश्यांत तोडा. दीड मिनिटाला नऊ-दहा दृश्यं पुरतात.

मोटरसायकलचा दिवा डांबरी रस्त्यावर. रस्ता कोरडा, धुळीचा. अचानक उजेडात पाणी चमकतं. गाडी थांबते. वीस-बावीस वर्षांचा मुलगा खाली बघतो, मग पाणी आलं त्या दिशेला बघतो. इथं त्याचा चेहरा तीन सेकंद तरी राहू द्या, कारण त्याच्याबरोबर प्रेक्षकालाही विचार करायला वेळ हवा. तो हाक मारतो, “नाना! ओ नाना! दारं फुटलंय तुमचं!” उत्तर नाही.

बागेत शिरताना कॅमेरा त्याच्या पाठीशी ठेवा. समोर काय आहे ते त्याला दिसतं त्याच वेळी आपल्याला दिसावं, आधी नको. पाण्यात उभं रोवलेलं फावडं. फावड्याला टेकवलेली काठी. कुणीच नाही. फावडं आडवं पडलेलं दाखवलं तर मारामारी सुचते. उभं रोवलेलं असेल तर माणूस आत्ता येतो म्हणून गेला आणि आला नाही, एवढंच कळतं. अशा बारीक फरकांवर जितका वेळ घालवाल तितका थोडाच.

मग विहिरीजवळचा स्टार्टर. पेटीवरचा दिवा जळतोय, म्हणजे लाईट आहे. हे दृश्य गाळू नका. लाईट जाऊन आली की ऑटोवरची मोटर आपोआप चालू होते, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. ती पळवाट बंद केली नाही, तर पहिल्याच मिनिटाला कुणीतरी म्हणेल, “ऑटोवर असंल.” आणि प्रश्न संपेल. प्रेक्षकाचं पहिलं उत्तर काय असेल ते ओळखून ते आधीच खोडून काढणं, हे रहस्यपट लिहिणाऱ्याचं निम्मं काम आहे.

मुलगा लाल बटण दाबतो. मोटर बंद. शांतता. रातकिडे. तो पुटपुटतो, “गेले कुठं हे?” आणि वळून चालायला लागतो. पाच-सहा पावलं. मागं पेटीत ‘खट्’ असा आवाज. मोटर पुन्हा सुरू.

मुलगा वळतो. पेटीवरचा दिवा तसाच जळतोय. कुणी नाही.

इथं काळा पडदा आणि चित्रपटाचं नाव. मोटरचा आवाज नावावरही चालू ठेवा.

बारा मिनिटांनी जेव्हा कळेल की ती मोटर म्हणजे नानांची हाक होती, तेव्हा पहिल्या प्रसंगाचा अर्थ उलटा होईल. मुलानं लाल बटण दाबलं, तेव्हा त्यानं नकळत एका माणसाची हाक बंद केली होती. प्रेक्षकाला एखादा खलनायक दिसत होता, प्रत्यक्षात तिथं मदत मागणारा म्हातारा होता. ही उलटापालट साधली तर खुनाशिवायही रहस्यपट उभा राहतो, आणि माझ्या दृष्टीनं तो जास्त काळ मनात राहतो.

आवाज वेगळा टिपा

फोनवरच्या लघुपटांत सगळ्यात जास्त हेळसांड आवाजाची होते, आणि या प्रसंगात तर सगळा खेळ आवाजाचाच आहे. चित्रीकरणाचा आवाज आणि वापरायचा आवाज वेगळे ठेवा. दुसरा फोन पेटीपासून हातभर अंतरावर धरून ‘खट्’ पाच-सहा वेळा टिपा. मोटरची घरघर जवळून, दुरून आणि बागेच्या टोकावरून अशी तीन ठिकाणी टिपा. दंडातल्या पाण्याची खळखळ, ओल्या चिखलातली पावलं, आणि कुणीही न बोलता शेताचा नुसता रात्रीचा आवाज निदान एक मिनिट. हा शेवटचा तुकडा संकलनात जोड झाकायला लागतो. तो नसेल तर प्रत्येक कापाला कानाला धक्का बसतो. वारा असेल तर फोनच्या माईकवर पातळ फोमचा तुकडा बांधा.

पार्श्वसंगीत मोटर पुन्हा सुरू होईपर्यंत अजिबात नको. नंतरही नसलं तरी चालेल.

चित्रीकरण

फोन आडवा धरा आणि विमान मोडवर टाका. फ्रेम रेट २५ आणि शटर १/५० ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यानं या आकड्यांवर ट्यूब आणि बल्ब पडद्यावर फडफडत नाहीत. फोकस आणि प्रकाश कुलूपबंद करा, नाहीतर बॅटरी हलली की फोन आपोआप चित्र उजळ-काळं करत बसतो. बहुतेक फोनमध्ये पडद्यावर बोट दाबून धरलं की हे होतं.

पूर्ण अंधारात फोनचं चित्र दाणेदार येतं. म्हणून लांबची दृश्यं, म्हणजे बाग, रस्ता, मुलाची आकृती, सूर्य बुडाल्यावर आभाळात निळा उजेड असतो तेवढ्यात उरकून घ्या. हा वेळ थोडाच मिळतो, म्हणून दुपारीच त्या जागी जाऊन तालीम करा, कॅमेऱ्याच्या जागा खडूनं किंवा दगडानं खुणावून ठेवा. जवळची दृश्यं, फावडं, पेटी, चेहरा, रात्री बॅटरीच्या उजेडात घ्या. बॅटरी थेट चेहऱ्यावर मारू नका. कपडा लावून बाजूनं मारा, अर्धा चेहरा अंधारात राहू द्या.

सुरक्षिततेत कसूर नको. ओल्या हातानं किंवा पाण्यात उभं राहून स्टार्टरला हात लावायचा नाही. बटण दाबण्याचं दृश्य मुख्य स्विच बंद करून घ्या, दिवा जळतानाचं दृश्य वेगळं घ्या, दोन्ही संकलनात जोडा. विहिरीच्या काठावर एक माणूस फक्त राखण करायला उभा ठेवा. सगळ्यांच्या पायात बूट हवेत, कारण ओल्या बागेत रात्री साप असतात. नानांच्या विहिरीचं शेवटचं दृश्य खऱ्या विहिरीत घेऊ नका. शेततळ्याचा कोरडा उतार किंवा खणलेला खड्डा जवळून घेतला तर पुरतो. शेतमालकाला आणि शेजारच्या बांधवाल्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर रात्री बॅटऱ्या दिसल्या की माणसं काठ्या घेऊन येतील, आणि ते बरोबरच आहे. गावच्या पोलीस पाटलांनाही कल्पना द्या. रस्त्याचं दृश्य शेतरस्त्यावर घ्या. समृद्धी महामार्गावर वाहन थांबवायला बंदी आहे, तिकडं जाऊच नका.

संकलन आणि परीक्षा

पहिला जोड तयार झाला की तो बहुधा अडीच मिनिटांचा असतो. कापताना आधी संवाद कापा, मग चालण्याची दृश्यं. मुलाचा विचार करतानाचा चेहरा आणि बटण दाबल्यानंतरची शांतता या दोन जागांना कात्री लावू नका. ती शांतता चार सेकंदांची ठेवून बघा, मग सहाची. कुठं अस्वस्थ वाटतं ते कानच सांगतात.

मग हा दीड मिनिटाचा तुकडा ज्यांना गोष्ट माहीत नाही अशा माणसांना दाखवा. त्यात एक शेतकरी असावा, एक शाळकरी मुलगी असावी, आणि एक असा माणूस असावा ज्यानं कधी शेत पाहिलेलं नाही. ‘आवडलं का?’ विचारू नका, त्याचं उत्तर सगळे हो असंच देतात. एवढंच विचारा : “आता तुम्हाला काय जाणून घ्यायचंय?” उत्तरं ऐकून घ्या आणि पोस्टकार्डावरच्या प्रश्नाशी ताडून बघा. बहुतेकांनी तोच प्रश्न विचारला तर प्रसंग जमला. एकेकानं वेगळं विचारलं तर दृश्यांची यादी पुन्हा मांडा. शेतकऱ्यानं “असं होत नसतं” म्हटलं, तर तो म्हणेल तसं बदला, कारण त्याचा विश्वास उडाला की इतरांचाही उडतो.

शेवटी पाण्याबद्दल. ते वाया जाऊ नये म्हणून हा प्रसंग उन्हाळ्यात चित्रित करू नका. रब्बीला पाणी द्यायचंच असतं तेव्हा, त्या शेतकऱ्याच्या पाळीच्या रात्री जा, रस्त्यावर दिसेल एवढं थोडंच पाणी सोडा, आणि दृश्य मिळालं की दंड वळवून पाणी पिकाला जाऊ द्या.